उत्तर आलं उणे एक

बारावीच्या वर्गावर डेफिनिट इंटिग्रलचा तास चालू असताना माझ्या डाव्या हातातलं डस्टर खाली पडलं आणि ते मला कळलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने ते उचलून टेबलावर ठेवलं, हेही मला नंतर कुणीतरी सांगितलं.

मला स्वतःला आठवतं ते एवढंच. मी फळ्यावर सब्स्टिट्यूशनचं गणित लिहीत होते. एक्सच्या जागी दुसरं काही घातलं की त्याबरोबर लिमिटही बदलाव्या लागतात. मुलं हे दरवर्षी विसरतात, म्हणून मी दरवर्षी त्याच शब्दांत सांगते, तसं सांगत होते. "व्हेरिएबल बदललं, लिमिट बदला. जुन्या लिमिट तिथे चालत नाहीत." तेवढ्यात फळा भरला. म्हणजे मला तो भरलेला दिसला. मग मी उजव्या कडेला, चौकटीला चिकटून, बारीक अक्षरात लिहायला लागले.

"मॅडम, तिकडे केवढी जागा आहे," एक मुलगा म्हणाला.

"कुठे?"

"तिकडे. अर्धा फळा मोकळाय."

मी पाहिलं. फळा भरलेला होता. "जागा नाहीये, नीट बघा," असं म्हणून मी पुढची ओळ आधीच्या ओळीवरच लिहिली. वर्ग हसला. थोड्या वेळाने हसणं थांबलं. वर्ग असा एकदम गप्प झाला की मी एरवी विचारते, काय झालं म्हणून. त्या दिवशी विचारलं नाही. मला वाटलं, गणित समजलं असेल.

त्यानंतर दोन सहकारी मला धरून जिना उतरवत होते आणि मी त्यांना सांगत होते की तास संपायला अजून वेळ आहे.

मी पुण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे. घर सदाशिव पेठेत, कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे, म्हणजे माझा नवरा, खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात आहेत. तयार झालेला भाग मापात बसतो की नाही ते बघायचं, नाही बसला तर बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. बोलणं कमी आणि कोरडं. मुलगी बंगळूरला नोकरी करते. घरात आम्ही दोघंच.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत आणलं, इंजेक्शन देता आलं, म्हणून बरंच वाचलं. डाव्या पायात जोर कमी आहे, तो येईल. डाव्या हाताला स्पर्श कळत नाही, त्याला वेळ लागेल. आणि डावीकडे लक्ष जाणार नाही. डोळे चांगले आहेत, पण मेंदू डावी बाजू मोजतच नाही. हे सगळं त्यांनी माझ्यासमोर, मला उद्देशून सांगितलं. मी ऐकलं, मान डोलावली, आणि त्यातलं काहीही माझ्याबद्दल आहे असं मला वाटलं नाही.

डॉक्टरांनी पांघरुणावरचा एक हात उचलून माझ्या तोंडासमोर धरला. "हा हात कोणाचा?"

"यांचा असेल," मी म्हटलं.

ह्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर करून दाखवले. "माझे इथे आहेत."

"मग सिस्टरचा."

"बांगड्या बघ," हे म्हणाले. "मागच्या दिवाळीला आपण दोघांनी जाऊन घेतल्यात."

बांगड्या माझ्या होत्या. हात माझा वाटत नव्हता. तो कुणाचाही असला तरी मला फरक पडत नव्हता, आणि हेच सगळ्यात विचित्र होतं असं आज म्हणता येतं. मुलगी विमानाने आली, खोलीत शिरली, मला पाहिलं आणि रडायला लागली. मी तिच्याकडे बघत होते. आपण हिला जवळ घ्यायला हवं, असं माझ्या मनात एखाद्या सूचनेसारखं आलं. मी म्हटलं, "बस ना." ती आणखी रडली. नंतर तिने सांगितलं की मी ते ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजात बँकेतली माणसं बसायला सांगतात.

आवाजाचंही तसंच झालं होतं. चढ नाही, उतार नाही. डॉक्टर म्हणाले, उजव्या बाजूला मार बसला की असं होतं. आत काही वाटत नाही की वाटलेलं बाहेर येत नाही, हे सांगणं कठीण असतं. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, काही नाही.

घरी आल्यावर मी जेवायला बसायचे आणि ताटातलं अर्धंच जेवायचे. आपल्याकडे ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी. मी भाजी-पोळी जेवायचे, आमटी-भात जेवायचे आणि उठायचे. काही दिवसांनी मी ह्यांना विचारलं, "स्वयंपाकाच्या बाईंनी कोशिंबीर करणं सोडलं का?"

ह्यांनी माझं ताट धरून अर्धं फिरवलं. कोशिंबीर आली.

"आता भाजी कुठे गेली?" मी विचारलं.

"राहू दे," हे म्हणाले. "एका वेळी एक."

मुलगी सुट्टी संपल्यावर परत गेली. मग आठवड्यातून काही दिवस एक थेरपिस्ट घरी यायला लागली. तरुण मुलगी, मूळची यवतमाळची, पुण्यात शिकून इथेच राहिलेली. ती पहिल्या दिवशी माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि मी सबंध वेळ समोरच्या भिंतीशी बोलले. दुसऱ्या दिवशी तिने एका कागदावर आडवी रेघ मारली आणि म्हणाली, "मॅडम, याच्या मधोमध एक खूण करा."

मी खूण केली.

"मधोमध आहे न?"

"गणित शिकवते मी," मी म्हटलं.

तिने रेघेची दोन्ही टोकं जुळवून कागदाची घडी घातली आणि उलगडला. घडी माझ्या खुणेपासून बरीच लांब पडली होती. माझी खूण उजव्या टोकाच्या जवळ होती. मी म्हटलं, "तुमची घडी चुकली."

ती हसली नाही, रागावलीही नाही. "बरं," म्हणाली. "मग आपण अजून करू."

तिने मला अक्षरं भरलेले कागद दिले, त्यातले सगळे 'क' खोडायचे. मला कंटाळा आला. कंटाळा येतो हे बरं लक्षण आहे, असं ती ह्यांना म्हणाली. मग तिने विचारलं, आजारपणाआधी तुम्ही नेमकं काय शिकवत होतात? मी सांगितलं. "मी बायोलॉजीवाली, मॅडम. दहावीनंतर गणिताकडे पाहिलंच नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही तेच का नाही करत? तुम्ही या खेळांकडे मन लावून पाहूनच नाही राहिल्या. गणिताकडे पाहाल." जाताना तिने ह्यांना सांगितलं की प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला ठळक लाल पट्टी लावा, आणि ओळ वाचण्याआधी ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवायला लावा. पट्टी दिसली नाही तर ओळ अजून सुरूच झालेली नाही, असं समजायचं.

ह्यांनी लाल इन्सुलेशन टेप आणली. बारावीचं पुस्तक माझ्या कपाटात होतंच. त्यातली गणितं ते पाठकोऱ्या कागदांवर मोठ्या अक्षरात उतरवायला लागले. डिप्लोमाला असताना त्यांना हे सगळं होतं. "पास झालो आणि विसरलो," असं ते म्हणतात. त्यांनी रजा घेतली होती, संध्याकाळी चहा पिऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसायचे आणि इंटिग्रलचं लांब वळणदार चिन्ह काढायचे. चिन्ह चांगलं यायचं. तपासणीतला माणूस.

ज्यांनी कधी हे केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेफिनिट इंटिग्रल म्हणजे, सोप्या उदाहरणात, एखाद्या वक्र रेषेखालचं क्षेत्रफळ. कुठून कुठपर्यंतचं, ते चिन्हाच्या खाली आणि वर लिहिलेलं असतं. त्या लिमिट. आधी इंटिग्रेशन करायचं. त्यात वरची लिमिट घालून एक किंमत काढायची, खालची घालून दुसरी काढायची आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. उत्तर येतं एक आकडा. लिमिटच नसतील तर उत्तर आकडा नसतो. मग एक्सवालंच काहीतरी उरतं आणि त्यापुढे प्लस सी लिहावं लागतं. मुलं चुकतात ती बहुतेक वजाबाकीत. खालची लिमिट शून्य असेल तर ती घालायचीच नाही, शून्य घातलं की शून्यच येणार असं धरून चालायचं, ही सगळ्यात नेहमीची चूक. दरवेळी शून्य येत नाही. त्यासाठी मी आयुष्यभर मार्क कापलेत.

ह्यांनी दिलेलं पहिलं गणित होतं एक ते दोन, थ्री एक्स स्क्वेअर अधिक टू एक्स. मी कागद पाहिला आणि लिहिलं, एक्स स्क्वेअर प्लस सी.

"झालं," मी म्हटलं. "पण तुम्ही लिमिट लिहायला विसरलात."

"लिहिल्यात."

"कुठे आहेत? टू एक्स डीएक्स, एवढंच आहे. हे इनडेफिनिट झालं. म्हणून मी सी लिहिला."

"पट्टी बघ आधी."

"पट्टीचं काय बघायचंय?"

त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. "उत्तर दहा दिलंय."

"छापताना चुका होतात," मी म्हटलं. "दरवर्षी शुद्धिपत्रक निघतं."

ते दुसरं गणित लिहायला लागले. असे बरेच दिवस गेले. मी कागदाच्या उजव्या भागातलं जे दिसेल ते बरोबर सोडवायचे, आणि उरलेलं लिहायला ते विसरतात असं धरून चालायचे. एकदा मी त्यांना सांगितलंसुद्धा की तुमचं हल्ली कामात लक्ष नाही. ते हो म्हणाले.

मग त्यांची रजा संपली आणि दिवसा माझ्याजवळ एक मावशी थांबायला लागल्या. त्या एका दुपारची गोष्ट. मावशी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. मी टेबलाशी बसले होते. माझ्यासमोर ह्यांनी सकाळी लिहून ठेवलेला कागद होता, आणि मावशींनी चहाचा कप ठेवताना तो सरकवून पार उजवीकडे नेला होता. त्यामुळे गणित मला सगळं दिसत होतं. शून्य ते एक, ई रेज टू एक्स. सगळ्यात सोपं गणित. ई रेज टू एक्सचं इंटिग्रेशन केलं तरी तेच राहतं, त्यात करण्यासारखं काही नसतं. फक्त खालची लिमिट शून्य आहे, आणि शून्य घातल्यावर इथे एक येतो. मुलांना फसवायला हे गणित मी नेहमी द्यायचे.

मी कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. कंस, त्याच्या उजव्या अंगाला लिमिट. खाली पुढची ओळ, वरची लिमिट घालून, वजा, खालची लिमिट घालून. त्याखाली शेवटची ओळ. उत्तर, उणे एक.

मी पेन खाली ठेवलं. मग मी जे केलं ते केवळ सवयीने केलं. उत्तर आलं की ते शक्य आहे का ते बघायचं, हे मी मुलांना सांगते आणि स्वतःही करते. ई रेज टू एक्स कधीही शून्याच्या खाली जात नाही. शून्यापाशी त्याची किंमत एक असते, एकापाशी पावणेतीनच्या जरा आत, आणि मधे ते चढतच राहतं. रुंदी एक. म्हणजे क्षेत्रफळ एकाहून जास्त आणि पावणेतीनहून कमी असायला हवं. उणे एक येऊच शकत नाही.

मी ओळी पुन्हा पाहिल्या. गणित बरोबर उतरवलेलं होतं. इंटिग्रेशन बरोबर होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं, वजा ई रेज टू झीरो. त्याचं उणे एक, तेही बरोबर होतं. मी तपासलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती आणि उत्तर अशक्य होतं.

ती वजाबाकीची खूण मी बराच वेळ बघत बसले. वजा, पण कशातून? तिच्याआधी काहीच नव्हतं. माझ्या हातून असं होणार नाही. मी वरची लिमिट आधी घालते. मुलांना तसंच करायला लावते. ती घातली असणार. घातली असेल तर ती वजाच्या आधी असणार, म्हणजे डावीकडे. तिथे मला कागद दिसत होता, टेबल दिसत होतं, काहीही कमी वाटत नव्हतं.

मी उजव्या हाताचं बोट त्या खुणेवर ठेवलं आणि डावीकडे सरकवायला लागले. थेरपिस्ट हे दरवेळी सांगायची आणि मी ते एकदाही केलं नव्हतं. बोट दिसेनासं होऊ नये म्हणून मला मान वळवावी लागली. बोटाजवळ माझ्याच अक्षरात ई आलं. त्याच्या डोक्यावर एकचा आकडा होता. ते तिथेच होतं.

ई वजा एक. साधारण एक पूर्णांक सात दशांश. शक्य आहे.

मग मी ह्यांचे आधीचे सगळे कागद मागून घेतले. मावशींनी गठ्ठा आणून दिला. एकेका कागदावर मी बोट डावीकडे नेलं. लिमिट होत्या. प्रत्येक कागदावर होत्या, खाली आणि वर, ठळक. थ्री एक्स स्क्वेअरही होतं. त्या गणिताचं उत्तर मी तोंडी काढलं. दहा.

मावशींनी विचारलं, "काय झालं हो ताई?"

"काही नाही," मी म्हटलं. "माझा अर्धा कागद जात होता."

त्यांना ते कळलं नाही. त्या परत शेंगांकडे गेल्या. मी खिडकीकडे बघत बसले. इतके दिवस सगळे मला एकच गोष्ट सांगत होते आणि ती खरी होती, हे मला आता पूर्ण कळलं होतं. धक्का बसायला हवा होता. छातीत काही हललं नाही. एखाद्याचा पेपर तपासून त्याचे मार्क वहीत चढवावेत, तसं ते चढवलं गेलं.

संध्याकाळी हे आले. बूट काढून खुर्चीत बसले.

"अहो, माझी डावी बाजू जाते," मी म्हटलं.

मोजा काढता काढता ते थांबले. "हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"तुला रोज सांगतोय."

"मला वाटायचं तुम्ही चुकताय."

"तेही माहीत आहे."

मी त्यांना उणे एकचा कागद दाखवला आणि ते उत्तर का येऊ शकत नाही ते समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. एक मोजा हातात, एक पायात. मग त्यांनी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"नाही."

"मला वाटलं होतं, ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तू रडशील," ते म्हणाले. "साहेबांना सांगून ठेवलं होतं, फोन आला तर लगेच निघावं लागेल म्हणून."

"मावशींनी फोन केला नाही. मी रडले नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा बरं झाल्यासारखा नव्हता. ते माझ्या उजवीकडे बसले होते, म्हणून चेहरा मला चांगला दिसत होता. ते आत गेले आणि बराच वेळ हात-पाय धूत राहिले. मी कागद लावून ठेवले.

त्यानंतर मात्र सुधारणा झाली. डावीकडे आपोआप काही दिसू लागलं असं नाही. डावीकडे काहीतरी असणार, हे मी धरून चालायला लागले. ओळ वाचण्याआधी लाल पट्टी शोधायची. ताट स्वतः फिरवायचं. दारातून जाताना डावा खांदा कुठे आहे ते आठवायचं. उत्तर आलं की आधी ते शक्य आहे का ते बघायचं आणि नसेल तर बोट घेऊन निघायचं. थेरपिस्टने पुन्हा रेघ मारून दिली तेव्हा माझी खूण घडीच्या बऱ्यापैकी जवळ पडली. ती म्हणाली, "पाहा, मॅडम." मी म्हटलं, "घडी बरोबर आहे तुमची." तेव्हा ती मोठ्याने हसली.

पुढच्या वर्षी डेफिनिट इंटिग्रल शिकवायची वेळ आली तेव्हा मी विभागप्रमुख बाईंना भेटले आणि एक तास मागितला. आम्ही दोघी बरीच वर्षं एकाच स्टाफरूममध्ये काढली होती. त्या म्हणाल्या, "एक तास घेऊन बघ. जमलं तर पुढचं बोलू." मला पोचवायला आलेले हे स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र घेऊन बसले. मी वर्गात गेले. फळ्याच्या डाव्या कडेला आधीच लाल टेप लावून घेतली होती. मुलांना सांगितलं की मला डावीकडचं दिसत नाही, फळ्यावर काही सुटलं तर लगेच सांगा. मुलं शांत बसली होती. मी दोन गणितं सोडवली. प्रत्येक ओळ टेपपासून सुरू केली. वरची लिमिट, वजा, खालची लिमिट. काहीही सुटलं नाही. कुणाला डाऊट आहे का, असं मधूनमधून विचारलं, वर्गाकडे पाहिलं, कुणाचा हात नव्हता. घंटा झाली. मला वाटलं, जमलं.

मुलं बाहेर पडताना एक मुलगी माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "मॅडम, माझा एक डाऊट होता."

"मग तासाला हात वर करायचा ना."

तिच्याबरोबरची म्हणाली, "तिचा हात मगाचपासून वरच होता, मॅडम. आम्ही तिकडे बसतो."

मी वर्गाकडे वळले आणि मान वळवत नेली. डावीकडे बाकांची एक सबंध रांग होती. तिथे फळ्यासारखी टेप नव्हती. शेवटची काही मुलं त्या रांगेतून दप्तरं उचलून निघत होती. तासभर ती तिथे होती.

"काय डाऊट होता?" मी विचारलं.

तिने वही उघडून माझ्या उजवीकडे धरली. वन अपॉन एक्स स्क्वेअर, उणे एक ते एक. तिने ते रीतसर सोडवलं होतं आणि उत्तर आलं होतं उणे दोन. "पण हे फंक्शन सगळीकडे पॉझिटिव्ह आहे ना? मग क्षेत्रफळ मायनस कसं? मी परत परत बघितलं, स्टेप कुठेच चुकली नाहीये."

मी तिची वही सवयीने डावीकडून उजवीकडे बोटाने तपासली. काही सुटलेलं नव्हतं.

"उणे एकापासून एकापर्यंत जाताना मधे काय लागतं?" मी विचारलं.

"शून्य."

"तिथे याची किंमत काय?"

"तिथे डिफाइनच होत नाही."

"मग तो नियम इथे लावता येत नाही. या इंटिग्रलला आकडाच नाही. स्टेप बरोबर आहेत, पण सुरुवातच करायला नको होती."

"म्हणजे उत्तर काय लिहायचं?"

"हेच लिहायचं."

तिने तिथेच उभ्या उभ्या ते वहीत लिहून घेतलं.

विभागप्रमुख बाईंना मी जाऊन सांगितलं की वर्गावर मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, घाई करू नकोस, सवय होईल. मी म्हटलं, "फळ्याची होईल. मुलांची होणार नाही." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी टेबलावरच्या फायली सारख्या केल्या. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आम्ही चालत घरी आलो. वाटेत ह्यांनी भाजी घेतली. मी माझ्या उजवीकडच्या पाट्या वाचत होते. क्लास, दवाखाने, मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा.

आता मुलं घरी येतात, एका वेळी दोघं-तिघं, आणि टेबलाच्या उजव्या बाजूला बसतात. डाऊट विचारणारी ती मुलगी वर्षभर येत होती. सध्या कात्रजच्या पुढे कुठल्याशा कॉलेजात इंजिनियरिंग करते. डाव्या हाताला अजून गरम-गार कळत नाही. आवाज तसाच आहे. नव्या मुलांना आधी वाटतं मी रागावलेय, मग त्यांना सवय होते.

गेल्या रविवारी माझ्या मुलीचा फोन आला. तिने नोकरी बदलली, हवी होती तशी मिळाली. मी म्हटलं, "चांगलं झालं."

ती म्हणाली, "आई, तुला खरंच वाटतंय, की म्हणायचं म्हणून म्हणतेयस?"

पूर्वी मी हो म्हटलं असतं. मी विचार केला. "वाटल्याचं कळत नाही मला," मी म्हटलं. "पण तू सकाळी मेसेज केलास तेव्हापासून ते सारखं मनात येतंय. भाजी चिरतानाही आलं. म्हणजे वाटत असणार."

"चालेल," ती म्हणाली. मग तिने विचारलं, बाबा कुठेत. मी म्हटलं, गॅलरीत कपडे वाळत घालताहेत. "त्यांना दे," ती म्हणाली, आणि मी फोन घेऊन गॅलरीत गेले.